वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रोड बनवायच्या आधी सॅम्पलमध्ये अजून काय काय आहे ते बघा

मागच्या अंकात पीएच मीटरबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की काचेचा पीएच इलेक्ट्रोड म्हणजे हायड्रोजनचा आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडच, आणि असेच इलेक्ट्रोड फ्लोराइड, पोटॅशियम, नायट्रेट, शिसं अशा कितीतरी आयनांसाठी बनवता येतात. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांना मोजण्यापेक्षा बनवण्यातच रस आहे हे बघून फार बरं वाटलं. त्यातले पाच प्रश्न घेतेय.

जे पहिल्यांदा वाचताहेत त्यांच्यासाठी एवढंच, की या इलेक्ट्रोडच्या टोकाला एक पातळ पडदा असतो, मेम्ब्रेन. तो ठरावीक आयनालाच आत घेतो, त्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंना व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो आपण मोजतो. एक चार्ज असलेल्या आयनाचं प्रमाण दहापट बदललं की २५ डिग्रीला साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो, दोन चार्ज असतील तर त्याच्या निम्मा. याला नर्न्स्टचं समीकरण म्हणतात आणि ते सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण "ठरावीक आयनालाच" हे शब्द कधीच शंभर टक्के खरे नसतात, खालचे बहुतेक प्रश्न त्यातूनच आलेत.

मॅडम, मी यवतमाळला एमएस्सी करते. प्रोजेक्टसाठी पांढरकवडा भागातल्या बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजतेय. स्टँडर्ड सोल्युशन बरोबर येतात पण बोअरचं पाणी ठेवलं की रीडिंग हलत राहतं, आणि तेच पाणी बाहेरच्या लॅबला दिलं तर आकडा वेगळा. इलेक्ट्रोड खराब असेल का? आणि असा इलेक्ट्रोड कॉलेजमध्ये बनवता येईल का?

स्टँडर्ड बरोबर येतायत म्हणजे इलेक्ट्रोड बहुधा ठणठणीत आहे, आधी पाण्याकडे बघूया.

तुमच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला जी छोटी चकती दिसते ती लँथॅनम फ्लोराइडचा सिंगल क्रिस्टल आहे. १९६६ साली अमेरिकेत फ्रँट आणि रॉस या दोघांनी तो वापरून फ्लोराइड इलेक्ट्रोड केला आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात सुंदर डिझाइन आहे. क्रिस्टलमध्ये वीज वाहून नेणारा एकच आयन, फ्लोराइड. पण भरगच्च क्रिस्टलमध्ये तो हलणार कसा? म्हणून त्यात थोडंसं युरोपियम घालतात. लँथॅनमवर तीन चार्ज, युरोपियमवर दोन, त्यामुळे जिथे जिथे युरोपियम बसतं तिथे हिशोब जुळवायला एक फ्लोराइड कमी पडतो आणि एक जागा रिकामी राहते, मग शेजारचा फ्लोराइड त्या रिकाम्या जागेत उडी मारतो, त्याच्या जागी तिसरा येतो, असं पुढे पुढे सरकत जातं. क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट यांना त्या जागा बसतच नाहीत. बसतो तो फक्त हायड्रॉक्साइड, कारण त्याचा आकार आणि चार्ज फ्लोराइडसारखाच.

आता तुमचं पाणी. फ्लोराइड जास्त असलेलं बोअरचं पाणी बऱ्याचदा सोडियम बायकार्बोनेटवालं असतं, कॅल्शियम कमी आणि पीएच चढा. हा योगायोग नाही, कॅल्शियम भरपूर असतं तर फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसलं असतं. म्हणजे जिथे फ्लोराइड आहे तिथेच हायड्रॉक्साइडचा त्रास होण्याची शक्यता जास्त. पीएच वाढला की क्रिस्टल हायड्रॉक्साइडलाही फ्लोराइड समजायला लागतो. उलट पीएच खूप खाली नेला तर फ्लोराइड हायड्रोजनला धरून बसतो आणि इलेक्ट्रोडला दिसतच नाही. मधली चांगली जागा म्हणजे ५ ते ५.५. तिथे दीड टक्क्याच्या आसपासच फ्लोराइड हायड्रोजनकडे असतो आणि हायड्रॉक्साइड नगण्य.

त्यासाठीच तो टिसॅब नावाचा बफर असतो. एक लिटरमध्ये ५७ मिली ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, ५८ ग्रॅम मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, ४ ग्रॅम सीडीटीए, आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ५ ते ५.५ च्या मध्ये आणायचा. सॅम्पल आणि टिसॅब सम प्रमाणात. यातलं मीठ कशाला असं विद्यार्थी नेहमी विचारतात. इलेक्ट्रोड प्रमाण मोजत नाही, आयनाची अॅक्टिव्हिटी, म्हणजे त्याचं प्रत्यक्ष परिणाम करणारं प्रमाण मोजतो, आणि ती आजूबाजूला किती आयन आहेत त्यावर बदलते, म्हणून स्टँडर्ड आणि सॅम्पल दोन्हीकडे एवढं मीठ ओतायचं की आधीचा फरक त्यात बुडून जाईल. सीडीटीए अॅल्युमिनियम आणि लोखंडाला धरतं आणि त्यांच्या तावडीतला फ्लोराइड सोडवतं. थोडक्यात टिसॅब हा इलेक्ट्रोडच्या डिझाइनचाच भाग आहे, फक्त तो बाटलीत वेगळा मिळतो.

माझा अंदाज असा की तुम्ही टिसॅब घालताय पण घातल्यावर पीएच बघत नाही. बायकार्बोनेट खूप असेल तर पीएच वर सरकू शकतो, मिसळल्यावर पुन्हा मोजा. दुसरं म्हणजे बायकार्बोनेटवर अॅसिडचा बफर पडला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि ते नेमके चकतीखाली चिकटून बसतात, रीडिंग हलायचं हे अगदी नेहमीचं कारण. मिसळून पाच-दहा मिनिटं हलवत ठेवा, मग इलेक्ट्रोड जरा तिरका धरून बुडवा. तिसरं, मॅग्नेटिक स्टररची मोटर तापते आणि बीकर खालून गरम होतो, मध्ये थर्माकोलचा तुकडा ठेवा. उन्हाळ्यात लॅब ४० डिग्रीला असेल तर स्लोप, म्हणजे दहापट बदलाला पडणारा मिलिव्होल्टचा फरक, ५९ नाही, ६२ येईल, ते बरोबरच आहे, फक्त स्टँडर्ड आणि सॅम्पल एकाच तापमानाला हवेत. एवढं करून बाहेरच्या लॅबशी आकडा जुळला नाही तर त्यांनी कुठली पद्धत वापरली ते विचारा. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५, म्हणजे एवढ्याशा फरकाने गावाला "पाणी चांगलं" की "वाईट" सांगायचं असतं, तेव्हा ही कटकट करण्यासारखीच आहे.

कॉलेजमध्ये बनवण्याचं म्हणाल तर हा क्रिस्टल नाही जमणार. लँथॅनम फ्लोराइड १४०० डिग्रीच्या वर वितळतं आणि तेवढ्या तापमानाला हवेतला ओलावा लागला की खराब होतं. तयार चकती विकत मिळते, ती नळीत बसवून आत सोडियम फ्लोराइड-सोडियम क्लोराइडचं सोल्युशन आणि सिल्व्हर क्लोराइड चढवलेली चांदीची तार, एवढं नक्की करता येईल. स्वतः पडदा बनवायची हौस असेल तर सिल्व्हर सल्फाइड आणि सिल्व्हर क्लोराइड एकत्र पाडून, धुऊन, वाळवून, आयआरच्या पेलेट प्रेसमध्ये दाबा. क्लोराइडचा इलेक्ट्रोड तयार होतो आणि प्रेस बहुतेक डिपार्टमेंटला असतोच.

नमस्कार मॅडम. मी तासगावचा, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग करतोय, घरी द्राक्षबाग आहे. दर वर्षी पानदेठ परीक्षणाला देठ पाठवतो पण रिपोर्ट यायला वेळ जातो. पोटॅशियम आणि नायट्रेटचा इलेक्ट्रोड स्वतः करून बागेतच मोजता येईल का? तांब्याच्या तारेवर पीव्हीसीचा लेप देऊन करतात असं वाचलं. मल्टीमीटर चालेल ना?

तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण तुम्हाला आकडा कशासाठी हवाय हे माहीत आहे. सविस्तर लिहिते.

पोटॅशियमपासून सुरुवात करा, नायट्रेट नंतर. कारण पोटॅशियमसाठी निसर्गानेच एक अप्रतिम रेणू बनवून ठेवलाय, व्हॅलिनोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंपासून मिळतो. कडं असतं तसा गोल रेणू, त्याची आतली सहा ऑक्सिजन पोटॅशियमला सगळीकडून धरतात. बांगडी भरताना माप जुळावं लागतं ना, तसंच. सोडियम लहान, तो आत खुळखुळतो. पण नुसतं माप नाही, पडद्यात शिरायच्या आधी आयनाला अंगावरचं पाणी उतरवावं लागतं, सोडियमचं पाणी घट्ट धरलेलं, ते उतरवायला जेवढी ऊर्जा जाते तेवढी हे कडं परत देऊ शकत नाही. म्हणून हा पडदा सोडियमपेक्षा पोटॅशियमला हजारो पटीने जास्त मानतो. झुरिकच्या विल्हेल्म सिमॉन यांच्या ग्रुपने १९६० च्या दशकात हे इलेक्ट्रोडमध्ये आणलं. अशा रेणूला आयोनोफोर म्हणतात.

आता पडदा. एकूण २०० मिलिग्रॅमचा हिशोब देते: व्हॅलिनोमायसिन २ मिलिग्रॅम, पीव्हीसी ६६, डायऑक्टिल सेबॅकेट हे प्लास्टिसायझर १३०, आणि पोटॅशियम टेट्राकिस-क्लोरोफिनाइल-बोरेट अर्धा मिलिग्रॅम. हे सगळं २ मिली टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून सपाट काचेवर ठेवलेल्या २८ मिलिमीटरच्या काचेच्या रिंगमध्ये ओतायचं, वर फिल्टर पेपर आणि वजन, आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचा, मऊ, पारदर्शक पडदा निघतो. पंचने त्याच्या चकत्या पाडायच्या आणि पीव्हीसी नळीच्या टोकाला टीएचएफनेच चिकटवायच्या. पीव्हीसी म्हणजे पाइपचा तुकडा किसून नाही हं, पाइपमध्ये भर घातलेली असते, शुद्ध हाय मॉलिक्युलर वेट पावडरच हवी. आणि टीएचएफ पेट घेतं, व्हॅलिनोमायसिन विषारी आहे, तेव्हा हे काम कॉलेजच्या फ्यूम हूडमध्येच करा, घरी नाही. व्हॅलिनोमायसिन महाग आहे हे खरं, पण एका पडद्याला २ मिलिग्रॅमच लागतं आणि त्यात सहा-सात चकत्या होतात.

तो अर्धा मिलिग्रॅम बोरेट लोक बरेचदा गाळतात, गाळू नका. त्याचं काम म्हणजे पडद्यात कायमचे निगेटिव्ह चार्ज बसवणं, म्हणजे क्लोराइडसारखे निगेटिव्ह आयन आत शिरत नाहीत आणि पडद्याचा रेझिस्टन्सही उतरतो. पण व्हॅलिनोमायसिनच्या रेणूंपेक्षा बोरेट जास्त झालं तर उरलेल्या चार्जला कोणताही पॉझिटिव्ह आयन चालतो आणि सिलेक्टिव्हिटी गेली. मी म्हटलेल्या मापात रेणूंचा हिशोब दोनास एक असा पडतो. एवढंसं वजन तराजूवर नीट येत नाही, म्हणून आधी टीएचएफमध्ये साठा करून त्यातून मायक्रोपिपेटने घ्या.

तारेवर लेप देण्याची पद्धत १९७१ सालची, कॅट्रॉल आणि फ्रायझर यांची. दिसायला सोपी, पण तार आणि पडदा यांच्या मध्ये काही तासांत पाण्याचा पातळ थर जमतो आणि मग रीडिंग वाहायला लागतं, सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी चालत नाही. तांबं तर गंजतंच. आता तारेऐवजी कार्बन घेऊन मध्ये पेडॉटसारख्या वीजवाहक पॉलिमरचा थर देतात, तो आयनांची भाषा आणि इलेक्ट्रॉनची भाषा दोन्ही समजतो, आणि पाणी साचायला जागा कमी राहते. ते पुढे करा. पहिला इलेक्ट्रोड मात्र आत ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेला जुन्या पद्धतीचाच करा, नाहीतर चूक पडद्याची की तारेची हे कळणारच नाही.

मल्टीमीटर नाही चालणार. त्याचा इनपुट १० मेगाओम, तुमचा पडदाच काही मेगाओमचा असू शकतो, दोन्ही सारखे निघाले तर निम्मं व्होल्टेज गायब. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे, मध्ये सीए ३१४० सारखा ऑप-अँप बफर म्हणून लावा, त्याचा इनपुट टेराओममध्ये आहे, आणि इलेक्ट्रोडची वायर शील्ड केलेली घ्या. एक मिलिव्होल्ट चुकला तर पोटॅशियमचा आकडा चार टक्के चुकतो हे डोक्यात ठेवून सर्किट करा.

आणखी एक, जे माझ्या हातून घडलंय म्हणून सांगते. पोटॅशियम मोजताना रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो तो दुसरा इलेक्ट्रोड, नेहमीचा, सॅच्युरेटेड पोटॅशियम क्लोराइडचा लावला होता. छोट्या बीकरमध्ये आकडा हळूहळू चढत होता आणि मी दोन दिवस पडद्याला दोष देत होते. रेफरन्समधूनच पोटॅशियम झिरपत होतं. डबल जंक्शनचा रेफरन्स घ्या आणि बाहेरच्या कप्प्यात लिथियम अॅसिटेट भरा.

आता नायट्रेट. नायट्रेटला व्हॅलिनोमायसिनसारखं कडं नाही. तिथे पडद्यात ट्रायडोडेसिल-मिथाइल-अमोनियम नायट्रेट घालतात आणि मग कोण आत जाणार हे फक्त एकाच गोष्टीवर ठरतं, पाणी सोडायला कोण जास्त तयार आहे. त्याची रांग ठरलेली आहे, हॉफमाइस्टरची: सगळ्यात पुढे परक्लोरेट, मग थायोसायनेट, आयोडाइड, मग नायट्रेट, मागे ब्रोमाइड आणि क्लोराइड. क्लोराइडचा सिलेक्टिव्हिटी कोएफिशंट साधारण ०.०१ धरा, म्हणजे शंभर क्लोराइड एका नायट्रेटएवढे दिसतात. ऐकायला बरं वाटतं. पण खारट विहिरीच्या पाण्यात लिटरला ७१० मिलिग्रॅम क्लोराइड आणि ६२ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर मोलच्या हिशोबात वीस आणि एक, म्हणजे आकडा २० टक्क्यांनी फुगला. तुमच्या भागात पाणी मचूळ असेल तर तिथे क्लोराइड मोजल्याशिवाय नायट्रेटच्या आकड्यावर खताचा निर्णय घेऊ नका.

याच रांगेची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. २५ मे २००८ ला नासाचं फिनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडच्या मैदानात उतरलं. त्यावर चहाच्या कपाएवढ्या छोट्या लॅब होत्या, २५ मिली पाण्यात घनसेंटीमीटरभर माती टाकायची आणि भिंतीत बसवलेल्या इलेक्ट्रोडनी आयन मोजायचे. नायट्रेटसाठी म्हणून ठेवलेल्या इलेक्ट्रोडने एवढी प्रचंड उडी मारली की ती नायट्रेटमुळे म्हणावी तर घातलेल्या मातीपेक्षा नायट्रेटचं वजन जास्त यायला लागलं. मग रांगेत सगळ्यात पुढे कोण ते बघितलं. मंगळाच्या मातीत परक्लोरेट निघालं, वजनाने अर्धा टक्क्याच्या आसपास. सिलेक्टिव्ह नसलेल्या इलेक्ट्रोडनेच तो शोध लावून दिला, पण कधी, तर कोण किती पटीने दिसतो हे आधीच मोजून ठेवलं होतं म्हणून.

पिण्याच्या पाण्यातलं शिसं अशा इलेक्ट्रोडने मोजता येईल का? आमचे सर म्हणतात की पीपीबीपर्यंत पोचणारच नाही. (बीएस्सी तृतीय वर्ष, कोल्हापूर)

साध्या डिझाइनबद्दल सर बरोबर आहेत. पाण्याची मर्यादा १० पीपीबी (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग), आणि जुने इलेक्ट्रोड साधारण २०० पीपीबीच्या खाली आंधळे व्हायचे. बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं की ही पडद्याची मर्यादाच आहे. खरं कारण वेगळंच निघालं. इलेक्ट्रोडच्या आत आपण शिशाचं सोल्युशन भरतो, त्यातलं शिसं पडद्यातून थेंबाथेंबाने बाहेर झिरपतं आणि इलेक्ट्रोड स्वतःचंच शिसं वाचत बसतो! १९९७ मध्ये झुरिकच्या प्रेच यांच्या ग्रुपने आतल्या सोल्युशनमध्ये शिशाला धरून ठेवणारं ईडीटीए घालून मोकळं शिसं जवळजवळ नाहीसं केलं आणि मर्यादा पार पिकोमोलरपर्यंत उतरली, लाखो पटीने. पडद्याचा आयोनोफोर तोच, आतलं पाणी फक्त बदललं. मात्र आतलं शिसं फारच कमी केलं तर उलटा प्रवाह सुरू होतो, पडदा सॅम्पलमधलंच शिसं शोषतो आणि आकडा कमी येतो, तेव्हा मधला तोल शोधावा लागतो. सरांना हे दाखवा आणि प्रोजेक्ट मागा. ग्लासवेअर मात्र नायट्रिक अॅसिडने धुतलेलंच हवं, इतक्या खाली भांड्याचं शिसंही मोजलं जातं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एका पेशंटचं सोडियम आमच्या मशिनवर १२० आलं, आणि आयसीयूच्या ब्लड गॅस मशिनवर १४०. दोन्हीत आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडच आहे. चूक कोणाची?

सीरम दुधासारखं दिसत होतं का बघा. मोठी मशिन सॅम्पल आधी पातळ करतात आणि सीरममध्ये ९३ टक्के पाणी आहे असं धरून हिशोब करतात. चरबी किंवा प्रोटीन खूप वाढून पाणी ८० टक्क्यांवर आलं असेल तर खरं १४० असलेलं सोडियम १२० च दिसतं. ब्लड गॅस मशिन पातळ न करता थेट मोजतं, तिथे हा घोळ होत नाही. इलेक्ट्रोड दोन्हीकडे बरोबर, गृहीतक चुकलं. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून सांगाच, कारण १२० बघून कोणी सलाइन चढवायला घेतलं तर पेशंटला खरंच इजा होऊ शकते.

आमच्या फ्लोराइड इलेक्ट्रोडचा स्लोप ५९ वरून ५२ वर आलाय. फेकून द्यावा का? (पाणी तपासणी लॅब, सोलापूर)

थांबा, फेकू नका. आधी स्टँडर्ड नवे करा, १ पीपीएमचं स्टँडर्ड महिनोन्‌महिने ठेवलेलं असेल तर दोष त्याचा. रेफरन्सचं भरायचं सोल्युशन बदला. मग फ्लोराइडवाली टूथपेस्ट ओल्या मऊ कपड्यावर घेऊन चकती हलक्या हाताने मिनिटभर घासा, भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि तासभर १ पीपीएमच्या फ्लोराइडमध्ये ठेवून पुन्हा कॅलिब्रेट करा. ५६ च्या वर आला तर कामाला लावा. नाही आला तर भिंगाखाली चकतीच्या कडेला चीर दिसते का बघा, आतलं सोल्युशन बाहेर येत असेल तर मात्र नवीन घ्यावा लागेल.